नाताळची तयारी, सासूबाईंच्या चालीने

आमच्याकडे नाताळची यादी एका जुन्या हिशेबाच्या वहीत लिहिली जाते. पूर्वी तिच्या पहिल्या ओळीवर केकचे सामान असे. आता तेथे सासूबाईंचे गुडघे असतात. चार वर्षांपूर्वी २४ डिसेंबरच्या रात्री आम्ही त्यांना चर्चची रोषणाई दाखवायला घेऊन निघालो, तेव्हा गर्दीमुळे गाडी इतकी लांब लावावी लागली की त्या अर्ध्या वाटेत एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही बघून या, मला इथूनही दिसतंय." तेथून काहीही दिसत नव्हते. त्या रात्रीपासून घरात असे ठरले की सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाला जे झेपेल ते आधी ठरवायचे आणि बाकीचे त्याभोवती बसवायचे. पुढची यादी त्याच हिशेबाने लिहिली आहे. ती आमच्यासारख्या इंदूरच्या मराठी ख्रिस्ती घरांना तर उपयोगी पडेलच, पण शेजारच्या घरचा नाताळ आणि रस्त्यावरचे दिवे आवडीने पाहणाऱ्या इतरांनाही तिच्यातले बरेच काही घेता येईल.

सुरुवात ऑक्टोबरात करावी लागते, कारण पाहुणे रेल्वेने येतात. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. म्हणजे २३ डिसेंबरला पुण्याहून निघणाऱ्या नणंदेचे तिकीट २४ ऑक्टोबरच्या सकाळी काढावे लागते, आणि ते काढताना ज्येष्ठांसाठी खालचा बर्थ मागायला विसरू नये. त्याच दिवशी कोण कोठे झोपणार हेही वहीत लिहावे. माळव्यातली डिसेंबरची रात्र १० अंशांच्या आसपास उतरते, आणि पुण्यामुंबईचे लोक एका पातळ शालीवर येतात, म्हणून रजया नोव्हेंबरच्या उन्हातच गच्चीवर टाकून घ्याव्यात.

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान केव्हाही येतो, आणि आमच्याकडे त्याच संध्याकाळी दारावर तारा लागतो. बाजारात प्लास्टिकचे घडीचे तारे मिळतात व ते वाईट असतात असे नाही, पण घरात मुले असतील तर कामट्यांचा ताराच करावा. त्याची रीत आकाशकंदिलाचीच आहे: सारख्या लांबीच्या १० कामट्या घेऊन पाच-पाच कामट्यांच्या दोन चांदण्या बांधाव्यात, त्या एकमेकींवर ठेवून टोके दोऱ्याने घट्ट आवळावीत, मध्ये पाच आडवे तुकडे खोचून पोट फुगवावे आणि पतंगाचा कागद पातळ खळीने चिकटवावा. कागद व दोरा खजुरी बाजारात मिळतो. खळ वाळेपर्यंत तारा उन्हात नव्हे, सावलीत टांगावा. उन्हात कागद एकदम ताणला जाऊन सांध्यावर फाटतो. आत ६० वॅटचा जुना बल्ब कधीही लावू नये, कारण तो कागद तापवतो आणि विजेचे मीटरही पळवतो. ९ वॅटचा एलईडी दिवा रोज सहा तास याप्रमाणे पूर्ण महिना जळला तरी साधारण पावणेदोन युनिटच खातो. तेवढ्याच वेळात जुना बल्ब जवळजवळ ११ युनिट घेतो.

माळांचा पेटारा तारा लावण्याच्या आदल्या दिवशी उघडावा, म्हणजे बिघडलेले बदलायला वेळ राहतो. जुन्या रंगीत बल्बांच्या माळा एकसरीत जोडलेल्या असतात, म्हणून एक बल्ब गेला की सगळी माळ किंवा तिचा एक तुकडा अंधारतो. सासूबाई भिंतीला टेकून, मांडीवर माळ घेऊन, चांगला असलेला एक बल्ब ओळीने प्रत्येक जागी घालून बघत असत. तीस-पस्तीस बल्बांनंतर माळ अचानक त्यांच्या मांडीत पेटे आणि त्यांचा चेहरा हिरवा-लाल होई. पाहायला हे फार सुंदर होते, पण चालू माळेवर असे हात लावणे धोक्याचे आहे, त्यामुळे आता प्रत्येक वेळी आधी प्लग काढण्याचा नियम आहे आणि प्लगपाशी नातू बसतो. नवीन माळ घ्यायची असेल तर महाराणी रोडवर विजेच्या सामानाच्या दुकानांची रांगच आहे. तेथे रंग पाहण्याआधी वेष्टनावरचा आयपी आकडा, म्हणजे धूळ-पाण्यापासून माळ किती सुरक्षित आहे ते सांगणारा आकडा, पाहावा: गच्ची व बाल्कनीसाठी तो निदान ४४ असावा, आणि जिथे थेट पाऊस किंवा नळीचे पाणी पडते तिथे ६५. इंदुरात डिसेंबरात पाऊस क्वचितच असतो, पण पहाटे दव पडते, आणि गच्चीच्या फरशीवर पडलेला जोड पहाटेच ओला होतो. आमच्या घरी एके वर्षी २० तारखेच्या पहाटे सगळे घर अंधारात गेले ते याच कारणाने. म्हणून जोड नेहमी वर, छज्जाच्या आत टांगावेत. मुख्य बोर्डावरच्या आरसीसीबीचे, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणाऱ्या खटक्याचे, चाचणी-बटण माळा लावण्यापूर्वी एकदा दाबून तो खटका पडतो की नाही हे पाहावे. आणि रात्री झोपताना सगळे दिवे बंद करावेत. चमकणाऱ्या माळा सासूबाईंच्या खोलीच्या खिडकीवर लावू नयेत. एवढी एक गोष्ट त्यांनी स्वतः वहीत लिहून ठेवली आहे.

गव्हाणी हा आमच्या घरी सर्वांत जास्त वेळ घेणारा भाग आहे. येशूच्या जन्माचा देखावा पहिल्यांदा संत फ्रान्सिस असिसी यांनी १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी मांडला, आणि इंदूरचे लाल चर्च त्याच संताच्या नावाचे कॅथीड्रल आहे, हे मुलांना सांगितले की त्यांना दगडमाती गोळा करण्याचे काम अधिक मानाचे वाटते. देखाव्यातले हिरवे शेत विकतचे नको असेल तर गहू पेरावेत. नवरात्रात घटाखाली धान्य पेरतात त्याच रीतीने पसरट थाळीत दोन बोटे माती घ्यावी, रात्रभर भिजवलेले गहू दाट पसरावेत आणि वर मातीचा पातळ थर द्यावा. घटाचे धान नऊ दिवसांत वीतभर होते, पण त्या हवेत ऊब असते. डिसेंबरच्या थंडीत तेवढेच गहू वाढायला १२-१३ दिवस लागतात, म्हणून पेरणी १२ तारखेच्या आसपास उरकावी आणि थाळी दिवसा उन्हात व रात्री स्वयंपाकघरात ठेवावी. बाळाची मूर्ती २४ तारखेच्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवायची नाही. मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ते ज्ञानी पुरुष, आमच्याकडे पुस्तकांच्या कपाटावरून निघतात आणि रोज थोडे पुढे सरकत ६ जानेवारीला पोहोचतात. हे सरकवण्याचे काम घरातल्या सर्वांत लहान मुलाकडे द्यावे.

फराळाची यादी दिवाळीसारखीच असली तरी वेळापत्रक वेगळे असते. आमचे घराणे मूळचे नगरकडचे, त्यामुळे नाताळला करंज्या, चकल्या, शंकरपाळी आणि अनारसे झालेच पाहिजेत. अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजवून रोज पाणी बदलायचे, मग सावलीत वाळवून दळायचे आणि गुळात मळलेला गोळा आठवडाभर मुरू द्यायचा, हे लक्षात घेतले तर तांदूळ १० डिसेंबरपूर्वी भिजायला हवेत. केकसाठी मनुका, काळे मनुके, खजूर, टूटीफ्रूटी व संत्र्याची साल सियागंजातून एकदमच आणावी आणि बारीक चिरून संत्र्याच्या रसात आठवडाभर फ्रीजमध्ये भिजत ठेवावी. घरी भट्टी लहान असेल तर मिश्रण भरलेले डबे जवळच्या बेकरीत देता येतात; मात्र डब्याच्या बाहेर नाव घालण्यापेक्षा, कणकेचे छोटे अक्षर करून ते केकच्या काठावर चिकटवावे. बेकरीच्या उष्णतेत चिठ्ठी जळते, कणीक भाजून राहते.

येथे एक गोष्ट इंदुरात राहणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावी. आमच्या गल्लीत जैन आणि अग्रवाल शेजारी बरेच आहेत, आणि दिवाळीत त्यांच्या घरून आलेली ताटे नाताळला रिकामी परत जाऊ नयेत हा शिरस्ता आहे. पण अंड्याचा केक त्या ताटात घालून "चालेल ना?" असे विचारणे हे शेजाऱ्याला अडचणीत टाकणे आहे. म्हणून दही-सोड्याचा बिनअंड्याचा केक वेगळ्या दिवशी, वेगळ्या भांड्यांत आणि वेगळ्या चमच्यांनी करावा, तो आधी डब्यांत भरून बाजूला ठेवावा, आणि देताना "हा बिनअंड्याचा, भांडीही वेगळी होती" एवढे स्वतःहून सांगावे. कोणाच्या घरी हे सांगितले नसते तरी चालले असते, असे मला आजवर आढळलेले नाही. करंज्या तुपात तळल्या असतील तर तेही सांगावे.

कॅरोलची मंडळी १५ तारखेनंतर कोणत्याही रात्री येतात. त्यांच्यासाठी चहाचे आधण, मोठा सतरंजीचा पट्टा आणि वर्गणीचे पाकीट तयार ठेवावे, आणि नारायण वामन टिळकांचे एखादे भजन म्हणायला सांगावे. नगरकडच्या घरांत त्यावाचून नाताळ आल्यासारखा वाटत नाही. ढोलक व पेटी असावी, पण ध्वनिक्षेपक नको, कारण रात्री १० नंतर तो कायद्यानेही चालत नाही.

२४ ची रात्र आणि २५ ची सकाळ यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. उपासनेचे कपडे आदल्या दिवशी इस्त्री करून टांगावेत, दानाचे पाकीट प्रत्येकाचे वेगळे असावे, आणि दुपारच्या जेवणाला किती माणसे येणार यात तीन वाढवून स्वयंपाक करावा.

आता दिवे पाहण्याची संध्याकाळ. लाल चर्च आणि रेसिडेन्सी भागातले सेंट अ‍ॅन चर्च, ज्याला सगळे व्हाइट चर्च म्हणतात, ही दोन्ही एका रिक्षाफेरीत होतात. वाटेतल्या गल्ल्यांमध्ये ख्रिस्ती घरांचे तारे दिसतात ते वेगळेच. माझे स्पष्ट मत असे आहे की २४ आणि २५ या दोन्ही रात्री त्यासाठी जाऊच नये. त्या रात्री सगळे शहर तेथे असते आणि माणसाला दिव्यांपेक्षा पुढच्याची पाठच जास्त दिसते. दिवे ६ जानेवारीपर्यंत पुष्कळ ठिकाणी असतात, म्हणून २७ किंवा २८ तारीख धरावी. डिसेंबरअखेरीस इंदुरात सूर्य पावणेसहा ते सहाच्या दरम्यान मावळतो. त्यानंतरच्या अर्ध्या तासात आकाश पूर्ण काळे नसून गर्द निळे असते, आणि पांढऱ्या भिंतीवरचे दिवे त्याच वेळी सर्वांत चांगले दिसतात. म्हणजे साडेपाचला घरून निघावे. रिक्षा दोन्ही बाजूंच्या फेरीसाठी ठरवून घ्यावी आणि चालकाला आधीच सांगावे की फाटकापाशी थांबून वाट पाहायची आहे. बरोबर प्लास्टिकचे घडीचे स्टूल, कानटोपी, थर्मासमध्ये आल्याचा चहा, आणि सासूबाईंची दुपारची राहिलेली गोळी असावी. आवारात शिरण्यापूर्वी आत प्रार्थना चालू नाही ना हे पाहावे. चालू असेल तर बाहेर थांबावे आणि फोटोचा फ्लॅश बंद ठेवावा. कोणाच्या घराच्या दाराशी लावलेला देखावा पाहायचा असेल तर घंटी वाजवून विचारावे. बहुतेक वेळा आत बोलावले जाते व केक पुढे येतो, म्हणून पिशवीत करंज्यांचा एक डबा असू द्यावा.

फेरीनंतर सराफ्यात, म्हणजे रात्री खाऊगल्ली होणाऱ्या सराफा बाजारात, गराडू (तळून खायचा एक कंद) खायचे की सरळ घरी जायचे, हा वाद आमच्याकडे दरवर्षी होतो. तरुण मंडळींना सराफा रात्री उशिरा, दागिन्यांची दुकाने मिटल्यावरच खरा वाटतो. सासूबाईंना आठला अंथरुणात असायचे असते. तोडगा असा की गराडू कच्चा आणून, उकडून, तुकडे करून सकाळीच ठेवावा आणि परतल्यावर घरी तळून जिरावण (वरून भुरभुरायचा इंदुरी मसाला) व लिंबू घालून द्यावा. ज्यांना जायचे असेल ते त्यानंतर जातातच.

७ जानेवारीला सगळे उतरवावे. माळा पुठ्ठ्यावर गुंडाळाव्यात, जळून गेलेल्या माळा ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता कचरागाडीच्या ई-कचऱ्याच्या कप्प्यात द्याव्यात, गव्हांकुर कुंडीत उलटावेत आणि ताऱ्याच्या कामट्या कागद काढून माळ्यावर टाकाव्यात. त्याच दिवशी वहीत त्या वर्षीच्या फेरीची नोंद करावी: रिक्षा कोणत्या फाटकापर्यंत गेली, पायऱ्या किती होत्या, कठडा कोणत्या हाताला होता, आणि स्टूल कोठे मांडले. गेल्या वर्षीच्या नोंदीखाली सासूबाईंच्या अक्षरात एक ओळ आहे: "स्टूल थोडे डावीकडे घ्या, मध्ये खांब येतो."