फोर-के मॉनिटर आणि लिनक्स : या चुका टाळा

"अक्षरं मुंगीएवढी दिसतायत" असा फोन आला की पुढचं वाक्य मला पाठ असतं : "म्हणून रिझोल्यूशन कमी केलं." अरे बाबा, मग फोर-के घेतलास कशाला? 3840 बाय 2160 तसंच राहू दे, स्केल वाढव. 27 इंची पडद्यावर इंचाला 163 पिक्सेल बसतात, 100 टक्क्यांवर भिंगच लागणार. मी 150 वर ठेवतो. उबुंटू 22.04 मध्ये (लिनक्सचाच एक अवतार) 150 दिसत नसेल, तर सेटिंग्जमधल्या डिस्प्लेच्या पानावरच फ्रॅक्शनल स्केलिंगचं, म्हणजे 100 आणि 200 च्या मधल्या स्केलचं, बटण आहे.

आता माझीच फजिती. नवा मॉनिटर लावला, चित्र झकास, पण माउस रखडत चालायचा. बघतो तर 30 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 30 च चित्रं. तेव्हा मीही घाईतलाच. नेटवरची कमांड उचलली, सीव्हीटी नावाच्या कमांडकडून 60 हर्ट्झची मोडलाइन (पडद्याला द्यायच्या आकड्यांची ओळ) काढली आणि एक्सरँडआर या पडद्याच्या सेटिंग्ज बदलणाऱ्या कमांडमध्ये कोंबली. पडदा काळा! दोन रात्री ड्रायव्हर काढण्या-घालण्यात गेल्या. तिसऱ्या दिवशी मोडलाइनकडे नीट पाहिलं : पिक्सेल क्लॉक, म्हणजे पडद्याकडे पिक्सेल धाडायचा वेग, 712.75 मेगाहर्ट्झ. एचडीएमआय या जोडणीच्या 1.4 आवृत्तीची झेप 340 पर्यंत, 2.0 ची 600. म्हणजे मी बैलगाडीला विमानाचा वेग मागत होतो. खणातली जुनी केबल बदलली, तरी 30 च. शेवटी मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत शिरलो. तिथे एचडीएमआय 1.4 निवडलेलं होतं. ते 2.0 केलं आणि 60 आपसूक यादीत आलं; मॉनिटरच्या स्वतःच्या 60 ला सीव्हीटीएवढा क्लॉक लागत नाही, 600 च्या आत भागतं. ड्रायव्हर बिचारा निर्दोष होता.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला : आधी केबल, मग मॉनिटरचा मेनू, मग ग्राफिक्स कार्डाचं पोर्ट. टर्मिनल सगळ्यात शेवटी. डिस्प्लेपोर्ट ही दुसरी जोडणी असेल तर मी एचडीएमआयच्या वाटेलाच जात नाही.

लिनक्समध्ये पडद्यावर चित्र काढणाऱ्या दोन यंत्रणा आहेत : जुनी एक्स आणि नवी वेलँड. वेलँडवर एक्सरँडआर चालवून "काहीच होत नाही" म्हणू नका. होणारच नाही, ते एक्सचं हत्यार आहे.

एकच ॲप धूसर दिसतंय? ते बहुधा एक्सवेलँडमधून, म्हणजे एक्ससाठीची ॲप्स वेलँडवर चालवणाऱ्या दुभाष्यातून, चालतंय. अख्ख्या डेस्कटॉपची सेटिंग्ज उसवू नका.

डेस्कटॉपवर 200 टक्के, वर कुठल्याशा फाइलीत क्यूटी स्केल फॅक्टर (क्यूटीवर बनलेली ॲप्स किती पट मोठी करायची तो आकडा) 2. मग खिडक्या दाराएवढ्या होणारच.

ग्नोम या डेस्कटॉपमध्ये सेटिंग बदलून पडदा काळाच राहिला, तर कंट्रोल-ऑल्ट-एफ3 दाबून लॉगिन करा, होममधल्या डॉट-कॉन्फिग फोल्डरातली मॉनिटर्स-डॉट-एक्सएमएल बाजूला हलवा आणि मशीन रीस्टार्ट करा. लिनक्स पुन्हा टाकत बसू नका. हो, तसं करणारेही भेटलेत.