आजीच्या आठवणींचं पुस्तक कसं करावं

आजी गेल्यावर काही दिवसांतच घरचे कपाट आवरायला घेतात, आणि जायला नको तेच पहिलं रद्दीत जातं: प्रवासाची तिकिटं, अनोळखी बायकांचे ग्रुप फोटो, मैत्रिणींची पत्रं, फोन नंबरांची फाटकी वही. एक मोठं खोकं घ्या, त्यावर ‘फेकू नका’ असं ठसठशीत लिहा आणि शंका आली की वस्तू त्यात टाका. निवड नंतर करता येते.

तिचा फोन बंद करण्याचीही घाई नको. व्हॉट्सअ‍ॅपचं खातं साधारण 120 दिवस न वापरल्यास काढून टाकलं जातं, गूगलचं 2 वर्षांनी. तिचे आवाजातले निरोप ज्याच्या-ज्याच्या फोनमध्ये असतील त्यांनी ते आधी उतरवून घ्यावेत. ‘पोचलीस का गं? पोचलीस की कळव’ एवढाच सात सेकंदांचा निरोपसुद्धा.

यानंतर बहुतेक जण फोटो स्कॅन करत बसतात. तिथेच क्रम चुकतो. फोटो आणखी वर्षभर थांबतील. फोटोतली माणसं ओळखणारी तिची मैत्रीण थांबेलच असं नाही. म्हणून आधी ती फोन नंबरांची वही काढा, हयात मैत्रिणींची यादी करा आणि वयाने सर्वांत मोठ्या असतील त्यांच्याकडे पहिल्यांदा जा.

जाताना पंधरा-वीस फोटोंच्या ए4 आकाराच्या साध्या प्रती न्या. मूळ फोटो नेऊ नका. छोट्या फोटोतला चेहरा थकल्या डोळ्यांना दिसत नाही आणि ‘नाही बाई आठवत’ असं उत्तर येतं. तोच चेहरा मोठा दिसला की नाव येतं. प्रतीवरच चेहऱ्याशेजारी आकडे टाका आणि मागे त्या आकड्यांसमोर नावं लिहा.

बोलणं ध्वनिमुद्रित करायचं तर परवानगी घ्या, फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि घडी घातलेल्या टॉवेलवर, त्यांच्यापासून साधारण वीतभर अंतरावर ठेवा. टॉवेल नसेल तर टेबलावर बोटं आपटल्याचा आवाज बोलण्यापेक्षा मोठा येतो. पंखा आणि टीव्ही बंद. एक मिनिट मुद्रण करून ऐका, मगच पुढे जा. सुरुवातीला तारीख, नाव, ठिकाण बोलून घ्या. पाऊण तास पुरे. थकवा आला की तारखा घसरायला लागतात.

‘आजी कशी होती?’ हा प्रश्न विचारूच नका. ‘फार मायाळू’ म्हणतात आणि विषय संपतो. प्रवासात सामान कोण बांधायचं? गाडी चुकली तेव्हा पैसे कोणाकडे होते? तुम्हा दोघींचं भांडण कशावरून झालं, आणि आधी कोण बोललं? उत्तर संपल्यासारखं वाटलं तरी मनात पाचपर्यंत मोजा. खरी गोष्ट पुष्कळदा त्या शांततेनंतर येते. तारखा दुरुस्त करणाऱ्या नातेवाइकाला मात्र प्रेमाने बाहेर बसवा.

आता कागद. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढलेत तर वाकतात किंवा फाटतात. दात साफ करायचा दोरा फोटोच्या कडेखाली घालून करवतीसारखा हळूहळू सरकवा; तरीही सुटला नाही तर अख्खं पानच स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो सोडवायला जाऊ नका, काचेसकट स्कॅन करा. स्कॅनची बारकाई डीपीआयमध्ये, म्हणजे इंचामागे किती ठिपके यात, मोजतात: पोस्टकार्डाएवढ्या फोटोला 600 डीपीआय, पासपोर्ट आकाराला 1200. मूळ प्रत टिफ या दर्जा न घटवणाऱ्या फाइलप्रकारात ठेवा आणि पाठवायला जेपीईजी ही लहान फाइल काढा. जुने रंगीत फोटो तांबूस दिसतात, कारण त्यातला निळसर रंग आधी उडालेला असतो. रंगदुरुस्ती नेहमी दुसऱ्या प्रतीवर करा. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा, तिचं अक्षर तिथेच असतं. मागे काही लिहायचंच तर मऊ पेन्सिलीने. बॉलपेनचे वळ पुढे उमटतात. लॅमिनेशन कशालाच करू नका, ते परत काढता येत नाही.

गुळगुळीत कागदावरची तिकिटं आणि पावत्या उष्णतेने छापलेल्या असतात आणि वर्षागणिक पांढऱ्या पडतात. त्या सगळ्यांत आधी स्कॅन करा.

फोटोची तारीख लावणं हे खरं तर हेरगिरीचं काम आहे. पासपोर्टवरचे येण्याजाण्याचे शिक्के सहलीची दोन टोकं देतात. त्या दोन तारखांमधलं मैत्रिणीला पाठवलेलं पत्र गावाचं नाव देतं. निगेटिव्हच्या कडेला छापलेले 11, 11ए, 12 असे आकडे फोटोंचा क्रम सांगतात. म्हणजे 12 वरची अनोळखी बाग ही 11 वरच्या स्टेशननंतरची. एवढं करूनही खात्री नसेल तर ‘1974च्या आसपास’ लिहा. ठोकून दिलेली तारीख पुढे कोणी तपासत नाही. दोन मैत्रिणी एकच प्रसंग वेगवेगळा सांगत असतील तर दोन्ही छापा.

पत्रांबाबत एक पथ्य: मैत्रिणीने लिहिलेल्या पत्रात गुपितं तिचीही असतात. छापण्याआधी तिला विचारा, आणि हवी असतील तर मूळ पत्रं तिला परत द्या.

पुस्तक 48 ते 64 पानांचं पुष्कळ झालं. पिनांची बांधणी असेल तर पानं चारच्या पटीत लागतात. आतला समास 20 मिलिमीटर, कडेपर्यंत जाणाऱ्या फोटोला चारही बाजूंनी कापणीसाठी 3 मिलिमीटर जादा, अक्षर 14 पॉइंट, कागद मॅट. चकचकीत कागदावर दिव्याची तिरीप येते. जन्म, लग्न, नातवंडं असा क्रम लावलात की ते कोणाच्याही आजीचं पुस्तक होतं. एकेका प्रवासाभोवती किंवा एकेका मैत्रीभोवती प्रकरणं करा. ‘प्रेमळ’, ‘कष्टाळू’ असे शब्द दिसले की खोडा आणि तिथे तिने काय केलं ते लिहा. एक पूर्ण पान तिच्या हस्ताक्षराला द्या.

सगळ्याच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवलेला फोटो आकसतो. तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आधी एकच प्रत छापून नावं तपासून घ्या. शेवटची दोन पानं न ओळखलेल्या चेहऱ्यांसाठी ठेवा: प्रत्येकाला आकडा, आणि खाली कळवण्यासाठी घरातल्या कोणाचा तरी नंबर.