गिटारसाठी बसायला काय घ्यावं? माझ्या या चुका टाळा

गिटारसाठी म्हणून आणलेली बसायची साधनं आमच्या घरात आजमितीला पाच आहेत. एकात बाबा पेपर वाचत बसतात, एकावर तुळशीची कुंडी आहे, एक माळ्यावर गेलं, एकाचा पाय वाकलाय. पाचवं मी वापरते. चार वेळा पैसे घालवून आलेलं शहाणपण आहे हे, तेव्हा घ्या फुकटात.

वजन पाहिलं, उंची पाहिली नाही

रविवारी सकाळी आम्ही चारपाच जणं बडोद्याच्या कामाटीबागेत हिरवळीवर वाजवायला बसतो. त्यासाठी काहीतरी नेता येण्याजोगं हवं होतं. दुकानात मी तीन प्रश्न विचारले: हलकं आहे ना, घडी होते ना, ॲक्टिवावर मावेल ना? तिन्हीला "हो" आलं आणि मी घेऊन टाकलं. वाहायचं असतं दहा मिनिटं, बसायचं असतं तासभर, हा हिशेब घरी आल्यावर सुचला.

गिटारवाल्याची बहुतेक दुखणी बैठकीच्या उंचीतून सुरू होतात. तुमची उंची काढायला शिंप्याची टेप पुरते. कुठल्याही कडक खुर्चीवर बसा, पाऊल पूर्ण जमिनीला टेकवा, नडगी सरळ उभी ठेवा आणि दुसऱ्या कुणाला तरी जमिनीपासून गुडघ्यामागच्या वळीपर्यंत मोजायला सांगा. बैठक तेवढीच, किंवा फार तर इंचभर कमी हवी. माझं माप ४३ सेंटिमीटर आलं, आमच्यातल्या एका मैत्रिणीचं ३८. जेवणाच्या टेबलाची खुर्ची साधारण ४५ असते. ती बिचारी दोन वर्षं त्याच खुर्चीवर सराव करत होती. टाचा अधांतरी, बैठकीची कड मांडीखाली रुतलेली, आणि अर्ध्या तासात पायाला मुंग्या. तिने बी-ट्वेल्व्हच्या गोळ्यासुद्धा सुरू केल्या होत्या! पायाखाली जाड पुठ्ठ्याचं खोकं दाबून ठेवल्यावर मुंग्या थांबल्या. (बैठक सुधारूनही बधिरपणा राहिला तर मात्र डॉक्टरांना दाखवाच.)

इथे दोन बारीक गोष्टी निसटतात. घरात आपण अनवाणी वाजवतो, बागेत बूट असतात. तळव्याची जाडी दोन-तीन सेंटिमीटर सहज असते, म्हणून जिथे जास्त वाजवणार तिथल्या पायांनी माप घ्या. दुसरं म्हणजे फोम. दुकानात दिसते ती उंची रिकाम्या स्टुलाची. मऊ गादी बसल्यावर दबते, तेव्हा उंची बसून मोजा.

झोळीची खुर्ची आणि हात असलेली खुर्ची

माझी पहिली खरेदी म्हणजे कापडी कॅम्पिंग खुर्ची. पिशवीत जाते, खांद्याला अडकते, पाण्याच्या बाटलीलाही जागा! तिच्यात बसलं की माणूस झोळीत गेल्यासारखा खाली जातो, गुडघे कमरेच्या वर येतात, पाठीची कमान होते. गिटार मांडीवरून पोटाकडे घसरते, ती सावरायला डावा हात गिटारच्या मानेखाली (लांब दांड्याखाली) जातो, आणि मग कॉर्ड बदलायचा तो हात गिटार उचलण्यातच गुंततो. बॅर (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबणं) धरताना मनगट दुखायला लागलं तेव्हा मला वाटलं, तारा जाड आहेत. तारा बदलल्या, पण दुखणं तसंच राहिलं. तीच खुर्ची आता बाबांची पेपरची खुर्ची आहे आणि त्यांची तक्रार काहीही नाही.

तिला हातही होते. ड्रेडनॉट या मोठ्या आकाराच्या गिटारचा खालचा फुगवटा साधारण ४० सेंटिमीटर रुंद असतो. खुर्चीला हात असले की तो खाली बसत नाही, गिटार वर चढते, उजवा खांदा कानाकडे जातो. बडोद्यात आपल्या बऱ्याच घरांत पन्नासेक किलोमीटरवरच्या संखेड्याहून आणलेल्या खुर्च्या असतात: सागाच्या, लाखेच्या, मरून-सोनेरी नक्षीच्या. दिसायला राजेशाही. पण त्यांचे हात गिटारच्या पाठीला घासतात आणि पॉलिशवर ओरखडे पडतात. ओरखडा गिटारला पडला की आपण रडतो, खुर्चीला पडला की आई.

आणि हिंचका, म्हणजे झोपाळा. हो, मीही वाजवलंय हिंचक्यावर, संध्याकाळच्या वाऱ्यात फार छान वाटतं. पण पाय सवयीने जमिनीला ठोसा देतच राहतो. मेट्रोनोम (ठोके देणारं तालयंत्र) साठवर लावलेला, हिंचका आपल्या चालीने, आणि मी दोघांच्या मधे. गुणगुणायला ठीक आहे, सरावाला नाही.

व्हिडिओत दिसतं म्हणून उंच स्टूल

कलाकार उंच बार-स्टुलावर एक पाय दांडीवर ठेवून वाजवतो ते छान दिसतं. ते स्टूल ६०-७५ सेंटिमीटरचं असतं, कलाकाराच्या गळ्यात बहुधा गिटारचा पट्टा असतो, आणि तो दोन गाणी वाजवून उठतो. तुम्ही-आम्ही त्यावर तासभर बसलो तर कंबर बोलते. शिवाय ते ॲक्टिवावर कसं न्यायचं ते मला अजून कळलेलं नाही. चाकांची ऑफिसची खुर्ची आणि गोल फिरणारं स्टूलही याच पंगतीत बसवा. स्ट्रमिंग सुरू झालं की आपण हळूहळू खिडकीकडे तोंड करून बसलेलो असतो.

करकरणारं आणि रुतणारं

रेल्वेप्रवासात लोक नेतात ते प्लॅस्टिकचं चकतीसारखं स्टूल, ओढलं की उंच होतं. वजन किलोभर, उंची हवी तशी. मला ते मनापासून आवडलं होतं. पण गिटार वाजवताना माणूस स्थिर बसत नाही, तालावर डुलतो, आणि प्रत्येक डुलण्याला त्या कड्या करकरतात. फोनवर रेकॉर्डिंग केलं तर गाण्याच्या मागे कुणीतरी दार उघडतंय असं वाटतं. तुमच्याकडे असेल तर प्रत्येक कडी नीट अडकली आहे का बघा, त्यावर लिहिलेल्या वजनमर्यादेत तुमच्याबरोबर गिटारही धरा, आणि रेकॉर्डिंगला दुसरं काही वापरा. माझ्या त्या स्टुलावर तुळस खूश आहे.

तीन पायांचं घडीचं स्टूल सपाट फरशीवर उत्तम. पावसानंतर विश्वामित्रीकाठच्या ओल्या मातीत त्याचा एक पाय रुतला, मी फ्रेटबोर्ड (तारा दाबायची पट्टी) बघायला डावीकडे वाकलेली होते, आणि मी, गिटार, कॅपो (तारांवर लावायचा चिमटा) सगळे आडवे. गिटार पोटावर पडली म्हणून वाचली. जुने टेनिस बॉल चिरून पायांना बसवा: मातीत रुतत नाही, घरात फरशीला चरे पडत नाहीत. हा उपाय मला स्टुलाचा पाय वाकल्यावर समजला.

पायाखाली काय, हे विसरणं

आमच्या आजीला खुर्चीवर बसून गाणंच मान्य नव्हतं. तिचं बरोबरच होतं. बडोद्यात गायक मौलाबक्षांनी १८८६ साली गायनशाळा सुरू केली, तेच आजचं आपलं म्युझिक कॉलेज, आणि इथल्या पिढ्यांनी सतरंजीवर बसूनच गाणं शिकलं. विश्वमोहन भट्टांची मोहनवीणाही मूळची गिटारच, पण ती आडवी मांडीवर ठेवतात, त्यामुळे मांडी घालून बसणं जमतं. आपली उभी धरायची गिटार मांडी घातल्यावर कलंडते, मान खाली झुकते, आणि डाव्या मनगटाला उलटा पीळ बसतो. मानेचं टोक खांद्याच्या आसपास किंवा वर राहिलं पाहिजे.

त्यासाठी क्लासिकल गिटारवाले डाव्या पायाखाली दहा-पंधरा सेंटिमीटरचं फूटस्टूल ठेवतात. घडीचं मिळतं, गिटारच्या बॅगेच्या खिशात जातं, आणि माझ्या मते नव्या खुर्चीआधी हेच घ्यावं. घरी मी एकावर एक दोन पाट ठेवते. देवघराजवळचा पाट उचलला तेव्हा आजीने जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. आता जेवणाचे जुने पाट वेगळे काढले आहेत. पाय उचलून कंबर दुखत असेल तर दोन्ही पाय जमिनीवर ठेवा आणि बसल्या बसल्याही पट्टा घाला. गिटारची उंची पट्ट्याने ठरली की बैठकीचे निम्मे दोष झाकले जातात.

दुकानात दोन मिनिटं बसणं

दोन मिनिटं कुठलीही खुर्ची छानच वाटते. गिटार घेऊन जा आणि वीस मिनिटं वाजवा. मला दुकानदार म्हणाले, "बेन, लेवुं छे के खाली बेसवुं छे?" (घ्यायचंय की नुसतं बसायचंय?) प्रश्न रास्त होता, पण मी उठले नाही, आणि सतराव्या मिनिटाला पुढची शिवण टोचायला लागली. ते स्टूल घेतलं नाही.

बंद करून ॲक्टिवाच्या पायरीवर ठेवूनही पाहा. दोन्ही बाजूंनी बाहेर येत असेल तर बाजारातल्या गर्दीत कुणाच्या तरी पोटरीला लागणारच. गिटार पाठीवर असेल तर तिची मान आपल्या डोक्यावर जाते. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत मांजा तिथे अडकू शकतो, म्हणून जानेवारीत मी रिक्षाने जाते. मे महिन्यात रेक्झिन उन्हात ठेवू नका, चटकाही बसतो आणि चिकटतंही.

मी वापरते ते पाचवं स्टूल अगदी सामान्य आहे: चार पायांचं, बिनहाताचं, घडीचं, लोखंडी पाइपाचं, बसल्यावर ४२ सेंटिमीटर, वजन तीन किलोच्या आसपास. वर आईने जुन्या चादरीची खोळ शिवून दिली आहे. गेल्या आठवड्यात त्याच्या एका पायाची रबरी टोपी गळून पडली. हार्डवेअरच्या दुकानात मिळते. मापाला जुनी टोपी न्या, कारण पाइपाची बाहेरची जाडी बघून ती घ्यावी लागते, आणि घ्यायच्याच तर चारही घ्या, नाहीतर एक पाय उंच होऊन स्टूल डुगडुगतं.