पावसाळ्यात पॉलिमर बनवताना

चार फांद्यांचं, विघटन होणारं पॉलिमर (आत पाण्यात विरघळणारं पीईजी म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल, फांद्यांच्या टोकांना पीएलए म्हणजे पॉलिलॅक्टिक ॲसिड) मुंबईत करायचं तर आधी पाण्याचा बंदोबस्त. माझा पहिला प्रयत्न जुलैतला. माटुंग्यात गुडघाभर पाणी, मी भिजून लॅबमध्ये पोचले आणि पीईजीची बाटली उघडी टाकून निवांत वजन करत बसले. शेवटी हाती आलेला माल पाण्यात सोडला तर दूध फाटल्यासारख्या गुठळ्या!

हिशोबच बघा. चार फांद्यांच्या पीईजीचा रेणुभार 10,000. 1 ग्रॅम घेतलं तर टोकांचे हायड्रॉक्सिल (OH गट) 0.4 मिलिमोल. त्यात 1 टक्का ओलावा, म्हणजे 10 मिलिग्रॅम पाणी, ते भरतं 0.55 मिलिमोल. टोकांपेक्षा पाणीच जास्त! लॅक्टाइडची (पीएलएचा कच्चा माल) साखळी हायड्रॉक्सिलवरून वाढते आणि तिला पाण्याचा रेणूही चालतो. मग बिनफांद्यांचं नुसतं पीएलए बनतं, त्याच्याच त्या गुठळ्या.

म्हणून पीईजी टोल्युइनमध्ये घालून डीन-स्टार्क (पाणी वेगळं गोळा करणारं काचेचं उपकरण) लावून उकळा, पाणी टोल्युइनबरोबर निघून जातं. मग टोल्युइन उडवून रात्रभर व्हॅक्यूम. डेसिकेटरमधली निळी सिलिका गुलाबी झाली असेल तर आधी ती भाजा, रिॲक्शन उद्या.

आता इथाइल ॲसिटेटमधून स्फटिक करून वाळवलेलं डीएल-लॅक्टाइड 1 ग्रॅम. उत्प्रेरक टिन ऑक्टोएट जेमतेम 6 मिलिग्रॅम. थेट तोलायला जाऊ नका, कोरड्या टोल्युइनमध्ये द्रावण करून सिरिंजने घ्या. नायट्रोजनखाली 130 अंश, सहा तास. थंड झालं की थोड्या डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवून बर्फात ठेवलेल्या ईथरमध्ये ओता, पॉलिमर साका होऊन वेगळं होतं. ईथर 35 अंशांनाच उकळतं, तेव्हा फ्यूम हूडमध्येच, आणि आसपास ज्योत नको.

या पॉलिमरचे नॅनोकण करणं त्यामानाने सोपं. 20 मिलिग्रॅम पॉलिमर 2 मिलिलिटर ॲसिटोनमध्ये, ते ढवळत्या 10 मिलिलिटर पाण्यात थेंबथेंब. पीएलएची टोकं पाण्याला टाळून आत वळतात, पीईजी बाहेर राहतं. घाईने दाट द्रावण करू नका: एकाच रेणूची दोन टोकं दोन वेगळ्या कणांत अडकतात आणि सगळं जेलसारखं होत जातं. हूडमध्ये रात्रभर उघडं ढवळलं की ॲसिटोन उडतं. निळसर झाक आली, लेझर पॉइंटरची रेघ आरपार दिसली, की डीएलएसवर (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार सांगणारं यंत्र) मोजायला न्या.

मोजणी लगेच उरका, कारण पीएलए पाण्यात हळूहळू तुटतच असतं. गणपतीला गावी जाणार असाल तर पॉलिमर कोरडं फ्रीजरमध्ये टाका, कण परत आल्यावर करा.