गनिमी बंड का जिंकतं, का फसतं हे कसं तपासायचं? (क्युबा आणि बोलिव्हिया समोर ठेवून)

गनिमी काव्याचा विषय निघाला की आपली लोकं लगेच नेत्याचं धाडस, डोंगर-जंगल आणि बंदुका यावर घसरतात. हे सगळं बघायचं, पण सगळ्यात शेवटी. आधी दोन अशा केसेस घ्या जिथं काही माणसं तीच, पद्धत तीच आणि निकाल मात्र एकदम उलटा. क्युबा (१९५६-५९, बंड जिंकलं) आणि बोलिव्हिया (१९६६-६७, बंड फसलं) ही जोडी यासाठी बेस्ट आहे, कारण दोन्हीकडे चे गेवारा आहे (क्युबात फिदेल कास्त्रोच्या हाताखालचा सेनानी, बोलिव्हियात स्वतःच नेता), म्हणजे नुसतं "नेता कच्चा होता" हे उत्तर पुरत नाही.

पहिला प्रश्न सरकारबद्दल विचारायचा, बंडखोरांबद्दल नाही. लोकांना दुसरा काही मार्ग उरलाय असं वाटत होतं का? क्युबात बातिस्तानं १० मार्च १९५२ ला लष्कराच्या जोरावर सत्ता घेतली, तीनेक महिन्यांवर निवडणूक आली होती ती गेलीच, त्यामुळे नुसते गरीब शेतकरी नाही तर वकील, विद्यार्थी, दुकानदार असे सगळेच भडकलेले. बोलिव्हियात राष्ट्राध्यक्ष बॅरियंतोस पण लष्करातूनच आलेला, १९६४ चं बंड करून, पण १९६६ ला तो निवडणूक जिंकून बसला, वर क्वेचुआ ही तिथल्या शेतकऱ्यांची भाषा बोलायचा, खेड्यापाड्यात फिरायचा आणि शेतकरी संघटनांचा लष्कराशी रीतसर करारच होता. ती लोकशाही किती खरी होती हा वेगळा वाद, इथं एवढंच बघायचं की गावातल्या माणसाला हे सरकार परकं वाटत होतं का.

मग जमीन. यावर जरा जास्त वेळ घालवा, बहुतेक वेळा उत्तर इथंच सापडतं. क्युबातल्या सिएरा माएस्त्राच्या डोंगरात, जिथं बंडखोर लपले होते, बरेच शेतकरी कागदपत्राशिवाय जमीन कसायचे, जमीनदाराची माणसं आणि रूरल गार्ड (खेड्यातलं सशस्त्र पोलीस दल) कधीही येऊन हुसकावणार, झोपडी जाळणार. अशा माणसाला बंदूकवाला पाहुणा आपल्या बाजूचा वाटला तर नवल नाही, आणि ऑक्टोबर १९५८ ला बंडखोरांनी डोंगरातूनच जमीन कसणाऱ्याची असा कायदा जाहीर केला. बोलिव्हियात १९५२ ला क्रांती होऊन गेलेली, १९५३ ला जमीन सुधारणा झालेली, तुकडा छोटा का असेना पण तो सरकारनंच दिलेला. त्यात चेचा तळ होता तो न्यांकावासूचा आग्नेयेकडचा भाग विरळ वस्तीचा, तिथं जमिनीसाठी मारामारीच नाही. चेची पोरं क्वेचुआ शिकत होती आणि आसपासच्या लोकांची भाषा ग्वारानी! चेच्या डायरीत महिनाअखेरीच्या नोंदींमध्ये शेतकरी सामील होत नाहीत हे रडगाणं परत परत येतं.

तिसरं, खबर कुठून कुठं जाते ते बघा. बोलिव्हियात होनोरातो रोहास नावाच्या शेतकऱ्यानं लष्कराला मदत केली आणि ३१ ऑगस्ट १९६७ ला नदी ओलांडताना चेचा साथीदार वाकिन याची जवळपास सगळी तुकडी संपली. आता "गद्दारी झाली" म्हणून इथं थांबू नका, कारण गद्दार क्युबातही होता, एउतिमियो गेरा हा वाटाड्याच फितूर होता, तो उघडा पडला आणि फेब्रुवारी १९५७ ला त्याला गोळी घातली गेली. फरक एवढाच की क्युबात चळवळीतल्या सेलिया सांचेसनं बंडखोरांची बोट किनाऱ्याला लागायच्या आधीच शेतकऱ्यांचं नेटवर्क उभं केलं होतं, क्रेसेन्सियो पेरेससारखा डोंगरात वजन असलेला माणूस सोबत होता. बोलिव्हियात असं काहीच नव्हतं, उलट मार्च १९६७ ला चेच्या गटातून पळून गेलेल्यांनी लष्कराला माहिती दिली आणि तयारी व्हायच्या आधीच लढाई सुरू झाली.

चौथं शहर, आणि हे हमखास विसरलं जातं. क्युबात ग्रान्मा बोटीतून ८२ बंडखोर २ डिसेंबर १९५६ ला उतरले, तीनच दिवसांत धूळधाण होऊन वीसेक उरले, मग सिनेमासारखं ते डोंगरातून थेट हवानात पोचले अशी गोष्ट सांगतात. जिंकलेल्यांनी सांगितलेली गोष्ट आहे ती, जरा जपूनच घ्या! मधल्या काळात सांतियागो शहरातून चळवळीचा संघटक फ्रँक पाईस माणसं, पैसा, औषधं, हत्यारं पुरवत होता, मार्च १९५७ ला पन्नासेक नवीन पोरं त्यानंच पाठवली. त्याला ३० जुलै १९५७ ला मारलं तर अख्खं सांतियागो आपणहून संपावर गेलं. याउलट बोलिव्हियात कम्युनिस्ट पक्षाचा मारियो मोन्हे ३१ डिसेंबर १९६६ ला चेला भेटला, नेतृत्व कोणाचं यावर फिसकटलं आणि पक्ष बाजूला झाला. राग नव्हता असं नाही हं, २४ जून १९६७ ला लष्करानं सिग्लो व्हेंते खाणीच्या वस्तीवर गोळीबार केला, खाणकामगार पेटलेलेच होते, पण ते लांब पठारावर आणि हे जंगलात, मध्ये कोणी दुवाच नाही.

आता लष्कर बघा. १९५८ च्या उन्हाळ्यात बातिस्तानं हजारो सैनिक डोंगरात घातले, समोर काही शेच लोकं, तरी मोहीम फसली कारण शिपायाला बातिस्तासाठी मरायचं नव्हतं, आणि अमेरिकेनं मार्चमध्येच हत्यारं पाठवणं थांबवलेलं. बोलिव्हियाचं लष्कर सुरुवातीला तितकंच ढिसाळ होतं, पण अमेरिकन प्रशिक्षकांनी रेंजर नावाची जंगलात लढणारी खास बटालियन तयार केली आणि ८ ऑक्टोबर १९६७ ला चे पकडला गेला, दुसऱ्या दिवशी ला इगेरा गावात त्याला मारलं. फक्त "सीआयएनं मारलं" म्हणून विषय संपवणाऱ्यांना विचारा, गावकरी सोबत असते तर रेंजर्सना तो इतक्या लवकर सापडला असता का?

ही पद्धत तिसऱ्या केसवर चालते का ते मलायावर (आजच्या मलेशियाचा भाग, तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात) ताडून बघा. १९४८ पासूनचं कम्युनिस्ट बंड, बहुतेक चिनी समाजातलं, म्हणजे मलय गावं आधीच बाहेर. जंगलाच्या कडेला राहणारे चिनी लोक धान्य आणि खबर पुरवायचे, तर ब्रिटिशांनी त्यातल्या जवळपास ५ लाख लोकांना जबरदस्तीनं कुंपणाच्या नव्या वस्त्यांत हलवलं आणि धान्यावर पहारा बसवला. यात कौतुक करण्यासारखं काही नाही, पण खबर आणि शिधा दोन्ही आटले. शिवाय १९५७ ला स्वातंत्र्य मिळालं, मग पहिल्या प्रश्नाचं उत्तरच बदललं, कारण ज्या गोऱ्या सरकारविरुद्ध लढायचं ते सरकारच उरलं नाही.