अग्निजन्य खडक ओळखताना या चुका टाळा

महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसाल्टवर उभा आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून वर येऊन पसरलेल्या लाव्ह्याचा हा खडक. त्यामुळे आपल्याकडे काळा दगड बघून ‘बेसाल्ट’ म्हटलं की बहुतेक वेळा ते बरोबरच निघतं. अभ्यासाची सवय बिघडते ती इथेच, कारण कोकणच्या सड्यावर (उघड्या खडकाळ पठारावर), मुंबईच्या उत्तर भागात किंवा गडचिरोलीकडे हाच अंदाज फसतो.

बाहेरचा रंग बघून नाव ठरवणे

ऊन-पावसाने बेसाल्टवर तांबूस-तपकिरी साल चढते आणि आतली खनिजं झाकली जातात. ओळख ताज्या फुटलेल्या तुकड्यावरच करा, दहापट भिंगातून आणि उन्हात धरून. हातोडा मारताना डोळ्यांवर चष्मा हवाच. किल्ले आणि लेण्यांमध्ये मात्र हातोडा बाहेरसुद्धा काढू नका. रस्त्यासाठी खोदलेल्या कडेला पडलेले तुकडे भरपूर मिळतात.

ताज्या तुकड्यावरही रंगाचा नंबर शेवटचा. आधी कण बघा: नुसत्या डोळ्यांनी वेगवेगळे दिसतात का? मग खनिजं, मग रंग. स्वयंपाकघरातल्या ओट्याचा ‘काळा ग्रॅनाइट’ बहुधा डोलेराइट किंवा गॅब्रो (बेसाल्टसारखेच, पण जाड कणांचे खडक) असतो, कारण बाजारात पॉलिश घेणारा कुठलाही कठीण दगड ग्रॅनाइट म्हणूनच विकला जातो. ऑब्सिडियन काळाकुट्ट असूनही त्यात सिलिका (वाळूतला मुख्य घटक) ग्रॅनाइटसारखीच 70 टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे तो ग्रॅनाइटच्या जवळचा. उलट बाजूचं, म्हणजे फिकट अग्निजन्य दगडाचं उदाहरण मुंबईत आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या बांधकामात कुर्ल्याचा करडा बेसाल्ट आणि मालाडचा पिवळसर ट्रॅकाइट (फिकट रंगाचा लाव्हा खडक) हे दोन्ही दगड वापरलेले आहेत, आणि दोन्ही अग्निजन्यच.

पोकळीतले पांढरे स्फटिक मूळ खडकात मोजणे

आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. लाव्हा थंड होताना त्यातले वायू बाहेर पडतात आणि पोकळ्या राहतात. पुढे खडकातून झिरपणाऱ्या पाण्यातून त्या पोकळ्यांमध्ये झिओलाइट (पाणी धरून ठेवणारी फिकट खनिजं), कॅल्साइट (चुनखडीचं खनिज), गारगोटी म्हणजेच क्वार्ट्‌झ जमते. लाव्हा घट्ट झाल्यानंतर आलेली ही खनिजं वर्गीकरणात धरायची नसतात. ती धरून ‘यात क्वार्ट्‌झ आहे, म्हणजे हा ग्रॅनाइटच्या कुळातला’ असं लिहिलं, की पुढचं सगळंच चुकतं.

याउलट काही पांढरे स्फटिक लाव्ह्यातच वाढलेले असतात. जुन्नर-मंचर पट्ट्यात प्लॅजिओक्लेजचे (फेल्डस्पार नावाच्या फिकट खनिजांचा एक प्रकार) काही सेंटिमीटर लांबीचे स्फटिक असलेला बेसाल्ट मिळतो. ते चपटे, सरळ कडांचे असतात आणि चारही बाजूंनी काळ्या खडकात रुतलेले दिसतात. तुकडा उन्हात फिरवला की सपाट पृष्ठ एकदम चमकतं. पोकळीतला भराव गोल किंवा बदामी आकाराचा असतो, त्याला वेगळी कड असते आणि मध्ये अनेकदा मोकळी जागा उरलेली असते. तरीही शंका वाटली तर ओरखडून बघा. गारगोटी काचेवर ओरखडा पाडते. कॅल्साइट चाकूने सहज ओरखडला जातो आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाने फसफसतो. झिओलाइटही चाकूने ओरखडले जातात, पण फसफसत नाहीत.

भोकं दिसली म्हणजे लाव्हा

भोकांनी भरलेला असला तरी जांभा अग्निजन्य नाही. बेसाल्ट किंवा दुसरे खडक उष्ण, पावसाळी हवेत खोलवर कुजून, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहून तो तयार होतो. महाबळेश्वरच्या माथ्यावर जांभ्याची टोपी आहे आणि तिच्याखाली बेसाल्ट. जांभ्याची भोकं वेडीवाकडी, नळीसारखी असतात आणि त्यांत पिवळट माती भरलेली असते. बेसाल्टच्या पोकळ्या गोलसर, गुळगुळीत भिंतींच्या असतात.

थर दिसले म्हणून गाळाचा खडक समजण्याची चूक याचीच बहीण. सह्याद्रीच्या पायऱ्या म्हणजे एकावर एक साचलेले लाव्हाप्रवाह. दोन प्रवाहांच्या मधे कधी लाल मातीचा पट्टा दिसतो, त्याला लाल बोल म्हणतात.

फक्त हातातला तुकडा बघणे

धुळे-नंदुरबारकडे शेतांतून लांबच लांब काळ्या दगडांच्या भिंती गेलेल्या दिसतात. हे डाईक, म्हणजे भेगेत शिरून थिजलेला शिलारस. मधला तुकडा घेतला तर कण जाडसर, म्हणून डोलेराइट; कडेचा घेतला तर कण बारीक, कारण थंड खडकाला टेकून तो भाग झटकन थिजला. हा कडेचा तुकडा घरी नेऊन बघितला तर बेसाल्टपेक्षा वेगळा ओळखू येत नाही. म्हणून नमुना कुठल्या जागेचा, काठापासून किती अंतरावरचा, वर-खाली काय होतं, हे जागेवरच लिहा. फोटोत मापासाठी पेन किंवा नाणं ठेवा.

डोळ्यांनी जमत नाही तिथे नेमकं नाव देणे

बेसाल्ट आणि अँडेसाइट (जास्त सिलिका असलेला लाव्हा खडक) यांच्यातली सीमा सिलिकेच्या 52 टक्क्यांवर आहे. ती भिंगातून दिसत नाही. त्यासाठी रासायनिक विश्लेषण लागतं. त्याआधी वहीत ‘गडद, बारीक कणांचा लाव्हा’ एवढंच लिहिणं अधिक शास्त्रीय. जाड कणांच्या खडकात डोळ्यांनी बरंच पुढे जाता येतं: गडद खनिजं बाजूला ठेवून क्वार्ट्‌झ आणि फेल्डस्पार यांचाच हिशोब करा. त्यात क्वार्ट्‌झ 20 ते 60 टक्के असेल तर खडक ग्रॅनाइट गटातला. त्यातही प्लॅजिओक्लेज एकूण फेल्डस्पारच्या 65 टक्क्यांहून जास्त असेल, तर तो ग्रॅनोडायोराइट किंवा टोनॅलाइट.