एका खोलीतलं चित्र आणि आवाज दुसऱ्या खोलीत नेताय? या चुका टाळा

आदल्या दिवसापर्यंत हॉलमधल्या रिसीव्हरच्या (आवाज सगळ्या स्पीकरांना वाटून देणाऱ्या यंत्राच्या) डिस्प्लेवर ‘डॉल्बी डिजिटल’ असं झळकायचं. त्या संध्याकाळी तिथं ‘पीसीएम २.०’, म्हणजे फक्त दोन स्पीकरांचा स्टिरिओ आवाज, आलं होतं. मधला स्पीकर गप्प, मागचे दोन्ही गप्प. दोन संध्याकाळी मी रिसीव्हरच्या मेनूत घालवल्या. स्पीकर सेटअप पुन्हा केला, वायरी उपसून परत लावल्या, फॅक्टरी रीसेटही करून पाहिला. तिसऱ्या दिवशी सहज स्प्लिटरमधून (एकच सिग्नल अनेक पडद्यांना वाटणाऱ्या डबीतून) बेडरूमच्या टीव्हीची केबल काढली. पडदा दोन सेकंद काळा झाला, परत उजळला आणि डिस्प्लेवर ‘डॉल्बी डिजिटल’ परत आलं. रिसीव्हरमध्ये बिघाड नव्हताच. बेडरूममध्ये एक जुना टीव्ही जोडला आणि त्यानं हॉलमधला आवाज पाचावरून दोनावर आणला.

घरभर चित्र आणि आवाज वाटायचा असेल तर हा प्रकार आधी नीट समजून घ्या. निम्म्याहून जास्त डोकेदुखी इथूनच येते. एचडीएमआयमध्ये, म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र नेणाऱ्या जोडणीत, प्रत्येक पडदा आणि प्रत्येक रिसीव्हर आपली ओळख समोरच्या यंत्राला सांगतो: मला अमुक रिझोल्यूशन चालतं, अमुक आवाज समजतो. या माहितीला ईडीआयडी म्हणतात. प्लेअर किंवा सेट-टॉप बॉक्स ती वाचतो आणि त्यात बसेल तेवढंच पाठवतो. स्प्लिटर मात्र एकाच सिग्नलच्या प्रती काढतो, त्यामुळे जोडलेल्या सगळ्यांना झेपेल असं काहीतरी त्याला मागावं लागतं. एक टीव्ही १०८०पी आणि स्टिरिओवाला निघाला की महागडा ४के टीव्हीसुद्धा त्याच पंगतीत बसतो.

काही स्प्लिटरवर ईडीआयडी ठरवायची बारीक बटणं असतात. पहिल्या पोर्टची ओळख धर, किंवा ४के आणि ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) गृहीत धर, असं त्यांना सांगता येतं. पण मग जुन्या टीव्हीला न समजणारा सिग्नल जातो आणि तो काळा किंवा मुका राहतो. खरा इलाज म्हणजे प्रत्येक आउटपुटवर वेगळं डाउनस्केलिंग (रिझोल्यूशन उतरवणं) आणि आवाजाचं स्टिरिओत रूपांतर (डाउनमिक्स) करणारा मॅट्रिक्स, म्हणजे अनेक यंत्रं अनेक पडद्यांना जोडणारी डबी. खरेदीच्या वेळी हे दोन शब्द विचाराच: दर आउटपुटला डाउनस्केलिंग आहे का, दर आउटपुटला डाउनमिक्स आहे का. नुसतं ‘४के सपोर्ट’ या शब्दांवर जाऊ नका.

चित्र न्यायचंय की नेटवर्क, हे न ठरवणं

माझ्या मते सगळ्यात महाग चूक ही. लोक थेट उपकरणांच्या यादीपासून सुरुवात करतात, पण मूळ प्रश्न वेगळा आहे: दुसऱ्या खोलीत नेमकं काय पोचवायचंय? तिथं फक्त स्ट्रीमिंग बघायचं असेल तर हॉलमधलं चित्र वायरीतून तिकडे ओढायचं काहीच कारण नाही. त्या टीव्हीला स्वतःचा स्ट्रीमिंग बॉक्स द्या आणि भिंतीतून एक लॅन केबल द्या. ४केचं स्ट्रीमिंग साधारण १५ ते २५ मेगाबिट प्रति सेकंद घेतं. तेच चित्र एचडीएमआयवर उलगडून पाठवायला ४के, ६० फ्रेम आणि पूर्ण रंग मिळून सुमारे १८ गिगाबिट लागतात. दाबलेला डेटा नेणं सोपं, उलगडलेला नेणं अवघड. मी शेवटी बेडरूममधला स्प्लिटर काढून हेच केलं आणि त्यानंतर तिथं हात लावायची वेळ आली नाही.

मॅट्रिक्स लागतो तो खऱ्या गरजेला: एकच सेट-टॉप बॉक्स तीन खोल्यांत हवा, एकच सामना सगळीकडे एकाच क्षणी दिसायला हवा, किंवा सगळी यंत्रं एका कपाटात बंद ठेवायची आहेत. इथं नावांचा घोळ टाळा. स्विच म्हणजे अनेक यंत्रं, एक पडदा. स्प्लिटर म्हणजे एक यंत्र, अनेक पडदे, सगळीकडे तेच चित्र. मॅट्रिक्स म्हणजे अनेक यंत्रं आणि अनेक पडदे, आणि प्रत्येक खोली आपल्याला हवं ते निवडू शकते. दोन खोल्यांत दोन वेगळ्या गोष्टी बघायच्या असतील तर स्प्लिटर कितीही चांगला घेतला तरी उपयोग नाही.

घरातल्या हार्ड डिस्कवरच्या मोठ्या फाइली लॅनवरून बघणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बऱ्याच टीव्हींचा लॅन पोर्ट फक्त १०० मेगाबिटचा असतो. ४के ब्लू-रेचा वेग १२८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो, म्हणून अशी फाइल धावपळीच्या प्रसंगात अडखळते. इंटरनेट जलद करून हे सुटत नाही. गिगाबिट पोर्टचा वेगळा प्लेअर लावला की सुटतं.

लांब एचडीएमआय केबल भिंतीत गाडणं

साधी तांब्याची एचडीएमआय केबल १८ गिगाबिटला पाच मीटरच्या आसपास भरवशाची असते. १०८०पीला ती यापेक्षा बरीच लांब चालते आणि फसगत तिथंच होते. जुन्या प्लेअरवर पंधरा मीटरची केबल झकास चालते, भिंत बुजवली जाते, आणि पुढे ४के यंत्र आणलं की चित्रावर पांढरे ठिपके चमकू लागतात किंवा पडदा मधूनच काळा होतो.

केबल घेताना वेष्टनावरचा आवृत्तीचा आकडा बघू नका, केबलची अधिकृत प्रतवारी त्या आकड्यानं होतच नाही. १८ गिगाबिटसाठी ‘प्रीमियम हाय स्पीड’ आणि ४८ गिगाबिटसाठी ‘अल्ट्रा हाय स्पीड’ असं प्रमाणित लेबल असतं, ते फोननं स्कॅन करून तपासता येतं. लांब पल्ल्याला फायबरची अॅक्टिव्ह ऑप्टिकल केबल चांगली. मात्र तिला दिशा असते: एक टोक यंत्राकडचं, दुसरं पडद्याकडचं. उलटी ओढलीत तर चित्र येणार नाही आणि पूर्ण केबल उपसावी लागेल. ओढायच्या आधी जमिनीवर पसरून दोन्ही टोकं जोडा आणि अर्धा तास चालवून बघा. कोपऱ्यात तिला काटकोनात दुमडू नका.

भिंतीत काहीही गाडताना पाइपातूनच न्या, पाइप मोकळा ठेवा आणि आत एक दोरी सोडून ठेवा. केबल आज ना उद्या बदलावी लागते. विजेच्या वायरी आणि सिग्नलच्या वायरी एका पाइपात घालू नका. दोन्ही कुठे एकमेकांना ओलांडणार असतील तर काटकोनात ओलांडू द्या.

कॅट केबल म्हणजे लॅनच, हा समज

एचडीबेस-टी एक्स्टेंडर कॅट ६ किंवा कॅट ६ए केबलवरून चित्र, आवाज, रिमोटचा सिग्नल आणि काही वेळा वीजसुद्धा नेतो. त्याचा प्लग लॅनसारखाच दिसतो, पण तो लॅन नाही. त्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग, स्वतंत्र केबल लागते. मधे राउटर किंवा नेटवर्क स्विच आला की सगळं बंद. याउलट एचडीएमआय-ओव्हर-आयपी प्रकारचे संच नेटवर्क स्विचमधूनच चालतात. त्यांना आयजीएमपी स्नूपिंग (ज्या पोर्टनं चित्र मागितलं त्यालाच ते पाठवण्याची सोय) असलेला मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणारा, नेटवर्क स्विच द्यावा लागतो. नाहीतर चित्राचा पूर प्रत्येक पोर्टवर जातो आणि घरातलं वायफाय रांगायला लागतं. लोक मग इंटरनेट कंपनीकडे तक्रार करत बसतात.

अंतराचे आकडेही बारकाईनं वाचा. एचडीबेस-टीच्या हलक्या वर्गातल्या संचाचं अंतर ७० मीटर लिहिलेलं असतं, पण ते १०८०पीचं. ४केला तेच ३५ मीटरवर येतं. शिवाय जुन्या संचांची क्षमता १०.२ गिगाबिट होती, १८ गिगाबिट न दाबता नेणं ३.० आवृत्तीत आलं. मधल्या काळातले संच ४के ६० फ्रेम नेण्यासाठी चित्र थोडं दाबतात. सिनेमाला ते चालून जातं.

केबल अस्सल तांब्याचीच घ्या. बाजारात अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल सर्रास मिळते. एका तारेचं टोक ब्लेडनं हलकेच खरवडा. आत चंदेरी दिसलं तर ती केबल परत करा. तिचा रेझिस्टन्स जास्त, ती गरम लवकर होते आणि क्रिंप करताना (तारांवर प्लग दाबून बसवताना) तुटते. जास्तीची केबल टीव्हीमागे घट्ट वेटोळं करून ठेवू नका, आणि मधे जोडाचे कपलर घालू नका. ठिपके येत असले की माझा हात आधी क्रिंपकडे जातो. दहातल्या सहा वेळा दोष तिथंच सापडला आहे.

साखळीतली एक जुनी कडी

ईडीआयडीची सख्खी बहीण म्हणजे एचडीसीपी, नक्कल रोखणारं कुलूप. ४केच्या संरक्षित चित्राला एचडीसीपी २.२ लागतं आणि ते प्लेअरपासून पडद्यापर्यंतच्या प्रत्येक यंत्रात असावं लागतं. मधला रिसीव्हर, स्विच किंवा एक्स्टेंडर जुना असेल तर चित्र १०८०पीवर उतरतं, नाहीतर पडदा काळा. टीव्ही नवा आणि प्लेअर नवा असूनही ४के दिसत नसेल तर मधली डबी बघा.

आवाजाचे वेगळे घोटाळे

आर्कच्या भरवशावर राहणारे इथं फसतात. टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे परत आणणारा साधा आर्क स्टिरिओ आणि दाबलेला ५.१ नेतो. ब्लू-रेवरचा न दाबलेला बहुचॅनेल आवाज त्यातून जात नाही, त्याला ईआर्क लागतो. टीव्ही आणि रिसीव्हर दोघांकडे ईआर्क आहे, पण मधल्या एक्स्टेंडरकडे नाही, अशी जोडी मी दोन घरांत पाहिली. ऑप्टिकल केबल हा पर्यायही ५.१ पलीकडे जात नाही.

रिसीव्हरवर ‘झोन २’ लिहिलेलं असतं. दुसऱ्या खोलीचा प्रश्न मिटला असं वाटतं. पण बऱ्याच मॉडेलांत झोन २ ला अॅनालॉग किंवा स्टिरिओ सिग्नलच पोचतो, एचडीएमआयवरून आलेला ५.१ पोचत नाही. आणि झोन २ चे स्पीकर चालवायला रिसीव्हर मागच्या दोन स्पीकरचा अँप्लिफायर वापरतो, म्हणजे ७ चॅनेलची खोली ५ चॅनेलची होते. मॅन्युअलमधलं झोनचं पान खरेदीच्या आधी वाचा, कंपन्या ते वेबसाइटवर ठेवतात.

एकाच अँप्लिफायरला चार खोल्यांचे स्पीकर समांतर जोडण्याचा मोहही आवरा. ८ ओहमचे दोन समांतर केले की ४ ओहम, चार केले की २ ओहम. बहुतेक रिसीव्हर ४ किंवा ६ ओहमच्या खाली चालण्यासाठी बनलेले नसतात. आवाज वाढवला की ते स्वतःला बंद करतात किंवा तापून मरतात. इम्पीडन्स जुळवणारा स्पीकर सिलेक्टर किंवा अनेक झोनचा वेगळा अँप्लिफायर घ्या.

स्पीकरची वायरही बारीक नको. जायची-यायची मिळून तिचा रेझिस्टन्स स्पीकरच्या ओहमच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवावा असा ढोबळ नियम आहे. ८ ओहमच्या स्पीकरला १६ गेजची वायर साधारण १५ मीटरपर्यंत पुरते. त्यापुढे १४ किंवा १२ गेज (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड).

आता उशिराची गोष्ट. दोन खोल्यांच्या मधल्या दारात उभं राहून ऐका. एकीकडचा आवाज दुसऱ्यापेक्षा ३० मिलिसेकंदांहून जास्त मागे असेल तर तो प्रतिध्वनीसारखा खटकू लागतो. साध्या ब्लूटूथ स्पीकरला सहज १५० ते २०० मिलिसेकंद उशीर होतो. म्हणून उघड्या जागेत हॉल वायरीवर आणि स्वयंपाकघर ब्लूटूथवर अशी जोडी कधीच जमत नाही. दोन्ही ठिकाणी एकाच प्रणालीचे स्पीकर लावा, म्हणजे ते एकमेकांशी वेळ जुळवून घेतात. बंद दारं असलेल्या खोल्यांना ही अडचण नाही.

स्पीकरमधून सतत घुंऽऽ असा आवाज येत असेल तर तो बहुधा अर्थ लूपचा. दोन खोल्यांतली यंत्रं वेगवेगळ्या अर्थिंगवर असतात आणि ऑडिओ केबलनं एकमेकांना जोडली जातात. अँटेना किंवा केबलची कोअॅक्स वायर काढून बघा. आवाज थांबला तर तिथं आयसोलेटर (विजेची जोडणी तोडून फक्त सिग्नल पुढे देणारी डबी) लावा. प्लगची अर्थिंगची पिन तोडून घुंऽऽ बंद करण्याचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका, यंत्रात गळती झाली तर त्याच पिनमुळे जीव वाचतो.

बिघाड शोधताना

सगळं एकदम उपसू नका. प्लेअर थेट टीव्हीला एका छोट्या केबलनं जोडा. चित्र आलं की एकेक कडी वाढवा: आधी रिसीव्हर, मग मॅट्रिक्स, मग एक्स्टेंडर. ज्या कडीनंतर बिघडतं तीच गुन्हेगार, किंवा तिच्या आधीची केबल. ठिपके किंवा मधूनच काळा पडदा असेल तर प्लेअर १०८०पीवर करा. बरं वाटलं तर केबलची क्षमता कमी पडतेय. चित्र अजिबात येत नसेल आणि ते फक्त संरक्षित सिनेमांनाच होत असेल तर एचडीसीपी. चित्र ठीक पण आवाज स्टिरिओ, तर ईडीआयडी. बेडरूममधला टीव्ही सुरू केला की हॉलमधलं इनपुट आपोआप बदलत असेल तर दोन्हीकडचं सीईसी (एका यंत्रानं दुसऱ्याला चालू-बंद करण्याची एचडीएमआयची सोय) बंद करा. त्या पद्धतीत एकच टीव्ही आहे असं गृहीत धरलेलं असतं.

वीज गेल्यावर काही दिसत नसेल तर चालू करण्याचा क्रम बदलून बघा: आधी पडदे, मग मॅट्रिक्स, सगळ्यात शेवटी प्लेअर. ओळख विचारणारा शेवटी जागा झाला की सगळ्यांची उत्तरं त्याला तयार मिळतात. आणि कपाटातल्या प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना खोलीचं नाव लिहिलेली चिठ्ठी आजच चिकटवा. पुढच्या वेळी टॉर्च तोंडात धरून रॅकमागे हात घालाल, तेव्हा बेडरूमची केबल पहिल्या झटक्यात हाताला लागेल.